गरमी जाते कुठे?

मोटर तापते हे भिवंडीकरांना सांगावे लागत नाही. आमच्या गावात प्रत्येक गल्लीत कुठला ना कुठला कारखाना आहे आणि कारखाना म्हणजे लूम. लूम म्हटली की मोटर आली, मोटर आली की गरमी आली. पण हीच मोटर तळहाताएवढी होऊन घरातल्या काचेच्या पेटीत, माशांच्या शेजारी जाऊन बसली की तिच्या गरमीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. ती पाण्यात आहे, थंड आहे, आवाज करत नाही, एवढ्यावर सगळे समाधानी असतात. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून माशांच्या पेट्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. मुलांचा हट्ट असतो, मोठ्यांनाही बघायला बरे वाटते. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमच्याकडे पेटी आली ती विकत घेतलेली नव्हे, अमानत म्हणून आलेली. आमच्या धाकट्या बहिणीच्या घरचे सहा लूम होते. कापडाला उठाव नाही, सुताचे भाव एका जागी थांबत नाहीत, विजेचे बिल मात्र दर महिन्याला वेळेवर येते. अशी तीन वर्षे काढून मेहुण्यांनी मार्चमध्ये लूम भंगारात दिले. आता ते एका गोदामात कामाला जातात. मोठी जागा सोडून त्यांनी पत्र्याच्या छपराची एक खोली भाड्याने घेतली. त्या खोलीत पाच माणसे मावली, माशांची पेटी मावली नाही. नऊ वर्षांचा भाचा ती स्वतः रिक्षात मांडीवर धरून आमच्याकडे घेऊन आला. दोन गोल्डफिश आणि दोन काळ्या मॉली एका पिशवीत होत्या. "मामू, मोठं घर घेतलं की परत नेईन," असे म्हणाला आणि पेटीला हात लावून उभा राहिला. तेव्हापासून दर जुम्म्याला नमाजनंतर तो येतो आणि मासे मोजतो. चारच आहेत, पण मोजतो.

अमानत म्हटली की घरात सगळेच सावध होतात. अम्मींनी पहिल्याच दिवशी बजावले की दागिना ठेवायला दिला तर तो कपाटात पडून राहतो, जीव ठेवायला दिला तर त्याचे रोज पाहावे लागते. मांजरीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही, यावर तिची पकड झाली. पेटीतल्या माशाची स्थिती तशीच असते. ओढ्यातले पाणी तापले तर मासा खोल जातो, सावलीला जातो. पेटीत कुठे जाणार? त्याच्या पाण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते. दुसरीकडे हजरत अनस यांच्या लहान भावाची, अबू उमैरची हकीकतही आहे. त्याच्याकडे एक चिमुकले पाखरू होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्या मुलाला भेटले की पाखराची आस्थेने विचारपूस करत. मुलाने जीव पाळणे आणि त्याच्यावर माया करणे यात वावगे नाही, असे उलमा यावरून सांगतात. आम्हाला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. माया करावी आणि हिशोबही ठेवावा.

एप्रिलचा पहिला आठवडा सरला आणि गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करू लागले. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी सांगितले की ही भूक नव्हे, श्वासाची ओढ आहे. पाणी जितके गरम, तितकी हवा त्यात कमी विरघळते. वीस अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसात, पस्तिसाला सातच्या आसपास. त्यात पाणी तापले की माशाचे शरीर वेगाने चालते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकाच वेळी. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला जीव, अठरा ते चोवीस अंशांत खूश असतो. मॉलीला सत्तावीस-अठ्ठावीस अंश सोसतात. आम्ही दुकानातून काचेचा थर्मामीटर आणून लावला. मगरिबच्या वेळी खोलीत तेहतीस अंश होते आणि पेटीत पस्तीस.

हे दोन अंश कोडे घालणारे होते. पेटी खिडकीपासून लांब, ऊन तिच्यावर कधीच येत नाही. खोलीपेक्षा पाणी गरम कसे?

उत्तर अब्बांनी शोधले. अब्बांनी चाळीस वर्षे लूमवर काढली. मोटरचे दुखणे ते हात ठेवून ओळखतात. त्यांनी आधी प्लग काढायला लावला, मग बाही वर करून पाण्यात हात घातला आणि कोपऱ्यातल्या डबी फिल्टरची मोटर बोटांनी चाचपली. "ही कोमट आहे," ते म्हणाले. "कारखान्यातली मोटर हवेत असते, हवा गरम करते. ही पाण्यात आहे, पाणी गरम करते. तिला थंड कोण ठेवतंय? मासेच ठेवतायत."

एवढ्या एका वाक्यात सगळी गोष्ट आली. दुकानात सबमर्सिबल पंपाची तारीफ करताना सांगतात की हा पाण्याने थंड राहतो, म्हणून जळत नाही. ते खरेच आहे. पण मोटर ज्या पाण्याने थंड राहते, तेच पाणी तिची गरमी घेते. मोठ्या विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी एवढे असते की फरक कळत नाही. दोन फुटी पेटीत कळतो.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरले तर ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५० लिटर धरावे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे सातवी-आठवीचे मूल सांगते. एक वॅटची वस्तू तासभर चालली की ०.८६ किलोकॅलरी गरमी देते. आमच्या डबी फिल्टरच्या पोटावर बारीक अक्षरात २५ वॅट लिहिले होते. चोवीस तासांत झाल्या सुमारे ५१६ किलोकॅलरी. पन्नास लिटरला भागले तर दहा अंश! अर्थात पाणी रोज दहा अंशांनी तापत जात नाही, कारण काचेतून आणि वरच्या थरातून गरमी बाहेरही पडत असते. पण ती बाहेर पडायला पाणी खोलीपेक्षा गरम असावे लागते. आमचे दोन अंश तिथून आले होते. हाच हिशोब पाच वॅटच्या पंपाला लावला तर दिवसाला दोन अंशांएवढीच गरमी पडते आणि ती पेटी सहज बाहेर टाकते.

यावरून पंप निवडायचा पहिला नियम आम्हाला सापडला. डब्यावर मोठ्या अक्षरात तासाला किती लिटर पाणी फिरते ते छापलेले असते, वॅट मात्र बारीक अक्षरात. आपण बारीक अक्षर आधी वाचावे. पेटीतले पाणी तासाला तीन ते पाच वेळा फिरले तर पुरे. ५० लिटरला दीडशे ते अडीचशे लिटरचा पंप बस्स. हजार लिटरचा पंप आणून त्याची तोटी आवळली तर पाणी कमी येते, पण वीज आणि गरमी त्या मानाने कमी होत नाही. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, हा समज इथे उपयोगाचा नाही. आणि पंप सारख्याच कामाचे असतील तर कमी वॅटचा घ्यावा.

दुसरा प्रश्न मोटर कुठे बसते याचा. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, पाण्यात बुडणारा. त्याची जवळजवळ सगळी गरमी पाण्यात जाते. दुसरा, पेटीच्या काठाला टांगलेला किंवा खाली कपाटात ठेवायचा डबा फिल्टर. याची मोटर पेटीबाहेर असते, पण पाणी तिच्या अंगावरून वाहते, म्हणून थोडी गरमी पाण्यात आणि थोडी हवेत जाते. मोठ्या पेट्यांसाठी वेगळ्या मोटरला पंखा बसवलेले, हवेने थंड होणारे पंपही मिळतात. त्यांची बरीचशी गरमी खोलीत जाते, पण ते आवाज करतात आणि लहान पेटीला फार मोठे पडतात. तिसरा, सगळ्यांत साधा, हवेचा पंप. तो पेटीबाहेर बसतो, तीन-चार वॅट खातो आणि नळीतून फक्त हवा आत पाठवतो. त्याची मोटर पाण्याला शिवतच नाही. नळीच्या टोकाला स्पंजचा फिल्टर लावला की बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजमधून ओढून नेतात, घाण स्पंजमध्ये अडकते आणि वर येणारे पाणी हवेला भेटते. गरम पाण्याला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते म्हणजे हवेशी गाठ, ती याने होते.

आम्ही तिसरा निवडायचे ठरवले. पण पेटी आमची नव्हती. अमानतीत ठेवलेल्या वस्तूत मालकाला न विचारता बदल कसा करायचा? मालक नऊ वर्षांचा असला तरी मालकच. जुम्म्याला तो आला तेव्हा अब्बांनी त्याला समोर बसवून सगळा हिशोब समजावला. त्याने प्लग काढल्यावर स्वतः मोटरला हात लावून पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बदला. पण जुना फेकू नका, अब्बूंनी आणून दिलाय." जुना पंप धुऊन, पुसून, डब्यात घालून कपाटात ठेवला आहे. त्यावर त्याचे नाव लिहिले आहे.

नवा पंप बसवताना काही गोष्टी कळल्या, त्या सांगायलाच हव्यात. जुन्या स्पंजमध्ये जे काळपट-तपकिरी दिसते ती सगळी घाण नसते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये राहतात. जुना स्पंज काढून टाकला तर ते जातात आणि गरम पाण्यात अमोनिया अधिक जाचक ठरतो. म्हणून जुन्या स्पंजचा तुकडा नव्या स्पंजला दोऱ्याने बांधून तीन-चार आठवडे ठेवावा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकेरी झडप बसवावी. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. पंप बंद कपाटात किंवा पेटीच्या झाकणात कोंडू नये, त्यालाही मोकळी हवा लागते. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोकून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी खाली ठिबकते, बोर्डात जात नाही. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा. मुलांना हे पाढ्यासारखे पाठ करून घ्यावे.

हवेच्या पंपाचा एक दोष खरा आहे. तो गुणगुणतो. रात्री सगळे निजल्यावर ती गुणगुण घरभर ऐकू येते. अम्मींना पहिल्या दोन रात्री त्रास झाला. आम्ही पंपाखाली जाड स्पंजची घडी ठेवली, त्याने निम्मा आवाज गेला. पेटी अब्बांच्या खोलीत आहे. त्यांना विचारले की झोपमोड होते का, तर हसून म्हणाले, "चाळीस वर्षे लूमच्या खडखडाटाशेजारी झोपलो. घरी बसल्यापासून शांततेनेच झोप येत नव्हती."

पंप बदलल्यावर चार दिवसांनी त्याच मगरिबच्या वेळी खोलीत तेहतीस अंश होते आणि पाणीही तेहतीसच्या थोडे खाली. दोन अंशांपेक्षा जास्त उतरले होते. गोल्डफिश वर येऊन तोंड उघडायचे कमी झाले. पण गोल्डफिशला तेहतीस अंशही जास्तच. इथे आम्हाला घरातला माठ आठवला.

माठातले पाणी थंड का होते? त्याच्या अंगातून पाणी झिरपते, हवेत उडते आणि उडताना गरमी बरोबर नेते. पेटीची काच झिरपत नाही, पण तिचे तोंड उघडे आहे. आम्ही प्लास्टिकचे झाकण आणि त्यातला तापणारा दिवा काढला, मांजरासाठी वर जाळी टाकली आणि संगणकात असतो तसा छोटा पंखा काठावर लावला, तीन वॅटचा. त्याचा झोत पाण्याच्या पाठीवरून जातो. एक लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. दिवसाला अर्धा लिटर उडाले तरी २९० किलोकॅलरी गेल्या, म्हणजे १४ वॅटचा पंप दिवसभर जेवढे तापवतो तेवढे हा पंखा पुसून टाकतो. आमचे पाणी एकतीस अंशांवर आले. मालेगावला आमचे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे याच पंख्याने आणखी उतरले असते, कारण तिकडची हवा कोरडी, तिथे कूलरही छान चालतो. आमच्याकडे खाडीची दमट हवा. मे अखेरीस घाम वाळत नाही तसे पेटीतले पाणीही उडत नाही. ज्यांच्या गावात कूलर चालतो त्यांच्याकडे पंखा चालेल, एवढे लक्षात ठेवावे.

उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे, म्हणजे क्लोरीन निघून जातो. पण उडते ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून नवे घालावेच. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला पाणी जपून वापरावे, अशी शिकवण असलेली आपण माणसे. आमच्याकडे ते पाणी अम्मींच्या पुदिन्याला आणि कढीपत्त्याला जाते आणि झाडे त्यावर खूश आहेत. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, तापमान एकदम खाली गेले तर मासा धक्का खातो. फारच तापले तर बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवावी आणि एका वेळी दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नये. उन्हाळ्यात खाणे निम्मे करावे. न खाल्लेला दाणा कुजतो आणि त्यालाही प्राणवायू लागतो.

वीज गेली तर? भिवंडीत हा प्रश्न टाळता येत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो घरात असावा. तोही नसेल तर दर पंधरा मिनिटांनी पेला भरून पाणी वरून सोडावे, थेंब पडताना हवा घेऊन जातात. एका दुपारी चार तास वीज नव्हती तेव्हा अब्बांनी तस्बीहबरोबर हेही केले.

बिलाचेही सांगतो, कारण घर चालवणाऱ्याला तेही बघावे लागते. २५ वॅटचा जुना पंप महिन्याला १८ युनिट खात होता. हवेचा पंप आणि पंखा मिळून सात वॅट, म्हणजे महिन्याला पाच युनिट. मासे जगले आणि तेरा युनिट वाचले.

इथपर्यंत गोष्ट माशांची होती. मेच्या दुसऱ्या जुम्म्याला भाच्याने थर्मामीटरकडे बघत विचारले, "मामू, हा घरी नेऊ का एक दिवस?" आम्ही नेऊ दिला. शनिवारी दुपारी जुहरनंतर त्याने त्यांच्या खोलीत तो भिंतीला टांगला. संध्याकाळी फोन केला. आकडा सांगितला, एकेचाळीस. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. नवी माहिती सांगतो तशी सांगितली. आम्ही मात्र फोन ठेवून एकमेकांकडे बघत राहिलो. माशांना एकतीस अंशांवर आणायला आम्ही महिनाभर खटपट केली होती.

अब्बांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, गरमी येते कुठून आणि जाते कुठे? खोलीत मोटर नव्हती, पण डोक्यावर काळपट पडलेला पत्रा होता आणि तो दिवसभर ऊन पीत होता. चार जुम्मे गेले आणि आम्हाला पेटीतला पंप दिसला, छपर दिसले नव्हते. कारखान्याचेही तसेच. एका लूमला एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे ७४६ वॅट. चोवीस लूमच्या कारखान्यात सगळ्या पूर्ण ताकदीने चालल्या तर जवळजवळ अठरा हजार वॅट. हजार वॅटच्या अठरा इस्त्र्या एका खोलीत सतत चालू ठेवाव्यात तसे. वर पत्रा, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने धागा उडतो. त्यात बारा तासांची पाळी. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे उभे असतात. त्यांना वर येऊन तोंड उघडायलाही जागा नसते.

अहमदाबादच्या महापालिकेने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना लावायची मोहीम त्यात जोडली. पांढरे छप्पर ऊन परत पाठवते, काळे ठेवून घेते. खर्च चुन्याचा आणि मेहनतीचा. पुढच्या जुम्म्याला लूम बंद होते, मेहुण्यांनाही सुट्टी होती. घरमालकांना विचारले, ते हो म्हणाले. असरनंतर ऊन कलल्यावर आम्ही, मेहुणे आणि शेजारचे दोन तरुण शिडी लावून चढलो. चुन्यात थोडा डिंक घालून दोन हात मारले. अब्बा खाली खुर्चीवर बसून चुना पातळ की घट्ट ते सांगत होते. शेजारच्या बाईंनी विचारले, उरला तर आमच्या छपरालाही लावाल का? उरला नव्हता, अजून एक गोणी आणली.

त्या आठवड्यात भाच्याने पुन्हा थर्मामीटर नेला. त्याच वेळेला छत्तीस आले. छत्तीस म्हणजे काही थंडावा नव्हे, पण पाच अंश कमी आहेत आणि रात्री मुले झोपतात, असे बहीण म्हणाली. पहिल्या मोठ्या पावसात चुना धुऊन जाईल, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा लावावा लागेल, हे आम्ही आत्ताच वहीत लिहून ठेवले आहे.

वाचकांपैकी कुणी या सुट्टीत मुलांसाठी पेटी घ्यायच्या विचारात असेल तर आमची एवढीच विनंती की दुकानात मासा पसंत करण्यापूर्वी आपल्या घराची हवा बघा. खोली उन्हाळ्यात तेहतीस-चौतीस अंशांना जात असेल तर गोल्डफिशच्या सौंदर्यावर जाऊ नका. गप्पी, मॉली, किंवा हवेतूनही श्वास घेणारा फायटर घ्या. पंपावरचे वॅट वाचा, मोटर पाण्याबाहेर ठेवता येईल तर ठेवा, तोंड उघडे ठेवा, थर्मामीटर लावा. आणि पुढे कधी सांभाळता आले नाही तर मासे नदीत किंवा तलावात सोडू नका. पेटीतला परका मासा तिथे मरतो, नाहीतर तिथल्या माशांच्या जिवावर उठतो. कुणाला तरी द्या, अमानत म्हणून द्या.

आणि थर्मामीटर घरात आलाच आहे तर एक दिवस तो पेटीबाहेर काढून, ज्या खोलीत मुले अभ्यासाला बसतात, ज्या कारखान्यात घरातला माणूस उभा राहतो, तिथेही टांगून बघा.